दीपमाळ

वेताळ टेकडीवर, खाणीच्या कडेला,
रविवारी परदेशी तण उपटायची मोहीम होती.
सोहोनी बाईंनी हातमोजे वाटले, यादी वाचली:
रानमोडी, गाजरगवत, घाणेरी,
आणि तळाशी, पेन्सिलीनं, दीपमाळ.

मी कॉलेजच्या संग्रहात पानं चिकटवणारा माणूस.
एकतीस वर्षं दाबतो, दोऱ्यानं टाचतो, खाली चिठ्ठी लावतो.
हिच्या चिठ्ठीवर माझंच अक्षर आहे:
कूळ तुळशीचं. मूळ ठिकाण आफ्रिका.
कुणी आणली, कधी,
त्या रकान्यात रेघ.

खोड चौकोनी. चिमटीत फिरवलं
तर चारही कडा मोजता येतात.
टप्प्याटप्प्यावर काटेरी गोंडे,
गोंड्यांतून शेंदरी, लवदार, वाकलेल्या वाती.
नाव ठेवणाऱ्यानं खंडोबाचं आवार पाहिलं असणार.

आमच्यात नीमा होती, दार-ए-सलामची,
एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, राहायला कोंढव्यात.
घरमालक दर महिन्याला भाड्यासोबत
पासपोर्टची नवी झेरॉक्स मागतो,
जणू मधल्या तीस दिवसांत ती दुसरीच कुणी झाली असेल.
मी विचारलं, तुमच्याकडे हिला काय म्हणतात?
(मनात तो रिकामा रकाना.)
ती हसली. "काका, मी शहरातली.
बसचे नंबर विचारा."
मग हातमोजा काढून गोंडा दाबून पाहिला
आणि "आई गं" म्हणाली, शुद्ध मराठीत.

तेवढ्यात शिंजीर आला.
उलटा लटकून एकेक वात तपासू लागला,
मीटर वाचायला आलेल्या माणसासारखा.
सोहोनी बाईंनी यादीची घडी घातली.
"हा उडेपर्यंत चहा घेऊ."

तो उडाला. चहा संपला. आम्ही उपटली.
मुरमातून मुळं सहज सुटली,
मला वाटलं होतं धरून राहतील.
वाळके गोंडे पोत्यात कोंबताना खुळखुळले,
आणि पोतं जिथून जिथून ओढत नेलं
तिथे तिथे बी सांडत गेलं.
नीमाला ते दिसत होतं. मलाही.
बाई पुढे चालत होत्या.

घरी पायमोज्यांत बिया निघाल्या,
काळ्या, तीन धारांच्या.
तीन मी पुडीत बांधल्या, वर लिहिलं:
वेताळ टेकडी, एकोणीस नोव्हेंबर,
गोळा करणारे नीमा मुशी आणि मी.
बाकीच्या बायकोनं मोज्यांसकट
गॅलरीतून झटकल्या,
खाली पार्किंगच्या भिंतीकडे,
जिथे कुणाचंच काही लावलेलं नाही.