डावीकडची ओढ

दारूखान्यात, जहाजांचे पत्रे कापतात त्या गल्लीच्या तोंडाशी
तुंगेकर मिस्त्रींचा खड्डा आहे, छातीइतका खोल.
त्यात उतरलं की डोक्यावर आकाश नसतं,
बाबांची एफसी असते;
तिचं पोट, जे मी पन्नास वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं.

पाहणार कसं?
आम्हाला ती समोरून माहीत.
चपटं नाक, दोन वाटोळे दिवे,
दारावर पेंटरने काढलेला पेंग्विन, जो बदकासारखा दिसे.
पहाटे साडेतीनला ससून डॉकच्या फाटकात
हॉर्नच्या आधी तिचा खोकला ऐकू यायचा.
आणि सबंध वाटभर फळ्यांच्या फटींतून
बर्फाचं पाणी गळायचं, भुसा, मीठ, मासळीचा वास घेऊन
थेट चासीवर.
चासी काही बोलली नाही. पीत राहिली.

पहिला आठवडा नुसता खरवडण्यात गेला.
तारेचा ब्रश, रॉकेल, बोथट पटाशी.
गंज पापुद्र्यांनी सुटायचा,
भुवयांत, कानांत, कटिंग चहात.
कमानीचे सात पाटे एकमेकांना असे धरून बसलेले
की तुंगेकर म्हणाले, "यांना जरा भाऊबंदकी शिकवा कुणीतरी."
यू-बोल्ट गॅसने कापले.
शॅकलमधल्या ग्रीसचा दगड झालेला.
डावा किंगपिन घणालाही जुमानेना;
रात्रभर डिझेल पाजून ठेवला,
सकाळी दुसऱ्या ठोक्याला निघाला, जणू काही झालंच नव्हतं.

मग त्यांनी ओळंबा सोडला.
चासीच्या चार भोकांतून चार ठिपके, जमिनीवर खडूने.
एका ठिपक्यापासून तिरक्या दुसऱ्यापर्यंत दोरी ताणली,
मग उलटी तिरकी.
पुन्हा एकदा. पुन्हा.
"सोळा मिलिमीटर," ते म्हणाले. "डाव्या बाजूने खाल्लंय हिने."
मी म्हटलं, शक्य नाही. बाबांनी गाडी कधी कुठे ठोकली नाही.
त्यांनी माझा हात धरून पुढच्या डाव्या पट्टीवर ठेवला.
रेड ऑक्साईडच्या तीन थरांखाली एक वळी होती,
आगीने तापवून, ठोकून सरळ केलेली,
भांड्याचा पोचा काढतात तशी.
"काम चांगलंय," ते म्हणाले, "पण घाईतलं. रातोरात केलेलं.
साल सांगू? हा वेल्डिंगचा हात माझ्या उस्तादाचा.
त्र्याऐंशीनंतर त्याचे डोळे गेले."

त्र्याऐंशीच्या आधी.
डावीकडच्या सीटवर कोण बसायचं?
आईचं डावं मनगट शेवटपर्यंत पुरतं वळलं नाही.
भाकरी थापताना ती उजव्या हाताने परात फिरवून घ्यायची.
मोरीत पाय घसरला होता, असं ती सांगायची.
बाबाही तेच सांगायचे,
अगदी त्याच शब्दांत.

आणि फोटोतला त्यांचा उतरलेला उजवा खांदा:
बर्फाच्या लाद्या उचलून, असं आम्ही धरून चाललो.
वीस वर्षं ते स्टिअरिंग उजवीकडे ओढून धरत होते,
इतकंच असेल.
गाडी डावीकडे जायची, रोज, तिच्या सीटच्या बाजूला.

"सरळ करू का पुरी?" तुंगेकरांनी विचारलं.
"की पॅकिंग टाकून भागवू? जुनी खूण आहे, राहिली तर राहील."
मी खड्ड्यातून वर आलो. टपरीवर गेलो.
परत येऊन म्हटलं, करा सरळ.
दोन दिवस साखळी ताणलेली होती.
तिसऱ्या दिवशी दोन्ही तिरक्या सारख्या आल्या.
मग नवे बुश, फिरवून घेतलेले ड्रम,
जोडांमध्ये बोटाने दाबून भरलेलं ग्रीस,
आणि सगळ्यावर काळा रंग, जो कुणालाही दिसणार नाही.

रविवारी पहाटे पी. डिमेलो रोडवर काढली.
रस्ता रिकामा, एफसी दोरीसारखी सरळ.
तरी ती उजवीकडे सरकायला लागली,
दुभाजकाकडे, हळूहळू.
तुंगेकर शेजारी बसलेले. त्यांनी आधी चाकाकडे पाहिलं,
मग माझ्या हातांकडे.
"सोडा," ते म्हणाले. "तुम्ही धरून ठेवलंय."
गाडी मी बाबांकडूनच शिकलो होतो,
याच स्टिअरिंगवर.