समासातली पेन्सिल

काळ्या वेष्टणाची ती कादंबरी
माग्डेबुर्गच्या आमच्या शाखा-वाचनालयात
तेराव्यांदा परत आली, तेव्हा तिची पाठ उसवली होती.
डिंक लावायला टेबलावर घेतली
आणि समास वाचत बसले.

पान नऊ. हिरवी शाई, टपोरं अक्षर:
'रटाळ. प्रेत कधी?'
पान एकवीस, तीच शाई: 'आलं एकदाचं!'

पान चाळीसवर कॉफीचा डाग,
त्याच्याकडे काढलेला बाण: 'क्षमस्व. दचकले.'
या फ्राऊ ऑर्ट्रून झाइडेल, दुसरं कोण?
पुस्तक परत देताना म्हणाल्या होत्या,
'फार काळं आहे हो. कुणीच कुणाचं नाही त्यात.
दुसरा भाग आला की माझं नाव आधी लावा.'

मधली पानं फुगलेली आहेत, ती डेटलेफमुळे.
गुप्तहेर स्वतःच्या बायकोचं नाव सांगून टाकतो
तिथे त्याने पुस्तक मिटलं
आणि रात्रभर बाल्कनीत ठेवलं, घराबाहेर.
सकाळी दव झटकून पुढे वाचलं.
हे त्याने दंड भरताना मला
मान खाली घालून सांगितलं.

पण एक अक्षर या सगळ्यांत बसत नाही.
टोक काढलेली पेन्सिल, मुंगीएवढं,
ओळ सोडून कधी न गेलेलं.

पान एकशे बारा. पत्र वाफेवर धरलंय:
'एवढी वाफ नको. कागद सुरकुततो.
मग इस्त्री करावी लागते.'
पान एकशे तीस, चौकशीची खोली:
'ओरडत कुणी नसे. खुर्ची साधीच असे.'
पान दोनशे चार, खबऱ्याला पाकीट मिळतं:
'पैसे? आम्हाला नाताळात संत्री.'
आणि शेवटी, लेखक त्याला पुलावर गोळी घालतो,
न्याय झाला म्हणून प्रकरण संपवतो, तिथे
फक्त: 'नाही.'

मी पुन्हा एकशे बारावर आले.

हॅनोवरहून आत्याची पत्रं यायची,
पलीकडून, महिनाभर उशिरा.
कशी गुळगुळीत असायची!
आई गालाला लावून म्हणायची,
'तिकडचा कागदच उंची.'
एकदा आत्याने लिहिलं, 'तुझ्या थोरल्याची खोकल्याची उबळ थांबली का?'
आईने तर तिला खोकल्याचं कळवलंच नव्हतं,
की कळवलं होतं आणि मी विसरले?
आता विचारायला दोघीही नाहीत.

मग मी दार लावलं.
तेरा नोंदी काढल्या, तेरा सभासद-अर्ज,
अक्षराशी अक्षर लावून पाहिलं,
'क' च्या नाही, 'g' च्या शेपटीवरून,
भिंगाने.
एकेक नाव खोडत गेले.
असं कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं.
हात सरावल्यासारखा चालत होता.

उरले तीन:
हेर ड्योरिंग, हेर पाशके, हेर क्वांट.
पाशकेंचा हात कापतो. ड्योरिंग सगळं ठळक अक्षरांत लिहितात.
क्वांट दर ऑगस्टला मला प्लम आणून देतात,
देठासकट, वर्तमानपत्रात गुंडाळून,
घड्या इतक्या चोख
की कागद उलगडावासा वाटत नाही.
मी विचारलं होतं, कशी वाटली?
'ठीक. शेवट घाईत उरकलाय.'
आणि टोपी घालून गेले.

खोडरबर हातात होता बराच वेळ.
नियम आहे, खुणा पुसायच्या.
हिरवी शाई तशीही पुसली जात नाही.
डिंक वाळला. यादी मी फाडली,
तुकडे मोजले, मग पुन्हा फाडले.

शेवटी टोक काढून
पान एकशे बारावर, त्या मुंग्यांच्या खाली, लिहिलं:
'इस्त्री छान जमायची तुम्हाला.'
आणि पुस्तक कप्प्यात लावून टाकलं.

आता पाचच्या सुमाराला माणसं येतात,
कोट झटकतात, हवेबद्दल बोलतात.
मी शिक्के मारत असते.
त्या कप्प्याकडे कोण जातं ते
बघत नसल्यासारखं
बघते.