बांध

अर्धं ताट भाजी, म्हणाली नर्स,
पाव भात, पाव डाळ नाहीतर मासा.
रिपोर्टच्या पाठीवर तिनं बॉलपेननं वर्तुळ काढलं,
आत दोन रेघा.
मी विचारलं, हे एका माणसाचं ताट?
ती हसली. तिला वाटलं, गंमत करतोय.

फहाहीलला आमच्या खोलीत ताट एकच.
परात म्हणा.
खाली अरबी वर्तमानपत्र, भोवती सहा माणसं,
मधे भाताचा ढीग, माथ्यावर कोंबडी.
तंगडी पाळीपाळीनं.
भाजी म्हणजे बटाटा.
आणि चहा, डब्यातल्या दुधाचा, दिवसाला सात कप,
कारण साइटवर सावली फक्त चहावाल्याच्या गाडीची,
आणि सावलीत नुसतं कसं उभं राहायचं?

तो कागद आठवडाभर खिशात राहिला.
घामानं वर्तुळाचं अंडं झालं.

शुक्रवारी स्वयंपाक अशफाक पारकरचा, दापोलीचा.
कपडे भिजवताना कागद त्याला सापडला.
बोलला काहीच नाही.
बाजारातून आला तो हिरव्या जुड्या घेऊन.
इथं बरबीर म्हणतात.
लालसर देठ, जाड, टिकलीएवढी पानं.
"वळख बघू, गुरव."

घोळ!
गावी पाटाच्या कडेनं फुकट,
म्हणून कधी मागून खाल्ली नाही.
इथं दोनशे फिल्स जुडी.

लसूण, मिरची, मूठभर तूरडाळ.
मग सगळे बसल्यावर
अशफाकनं करंगळीनं भातात चर ओढला,
माझ्यापुढचा भात पलीकडे लोटला
आणि तिथं घोळ वाढली.
"हा तुझा वाफा. बांध कोरायचा नाय."

नागभूषणमला बांध म्हणजे काय ते सांगावं लागलं.
कळल्यावर तो इतका हसला की ठसका लागला.
करीमनगरातही म्हणे भाऊ भाऊ
याच्यापायीच कोर्टात जातात.

पहिले काही दिवस मीच कोरला,
रात्री, दिवा गेल्यावर, बोटभर भात.
मग थापानं एकदा घोळीचा घास उचलला,
"बघतो नुसती."
मग सय्यदनं. मग कुणीच विचारेना.

तीन महिन्यांनी साखर उतरली, थोडी.
नर्स म्हणाली, ताट पाळताय ना?
म्हटलं, पाळतोय,
पण भाजी पुरत नाही.
शेजारी फार वाईट, सिस्टर.
रोज बांध कोरतात.
आता नऊ जुड्या आणतो.