बॉनेट उघडण्याआधी

मागच्या दारावरचं 'टर्बो' वाचू नकोस,
शराफत उस्ताद सांगायचे,
सियागंजात साठ रुपयांना मिळतं ते, डिंकासकट.
आधी नाक, मग कान, डोळे सगळ्यात शेवटी.
टर्बो असेल तर एक्झॉस्टच्या कुशीत
गोगलगाईएवढं लोखंड दडलेलं असतं,
तेलाची एक बारीक नळी त्याला पाजत असते,
आणि जाळीमागे चपटा इंटरकूलर.
इंजिन दोन हजारांवर गेलं की बारीक शीळ,
पाय उचललास की उसासा.
नसेल तर नसेल. साधं इंजिन काही पाप नाही,
पण किंमत साध्याचीच लाव.

देवास नाक्यावरच्या या यार्डात
नऊ वर्षं मी किमती लावतेय,
आणि माझी एक स्वतःची खूण आहे
उस्तादांना कधी न सांगितलेली:
गाडीआधी मी चालवणाऱ्याचा हात बघते.
टर्बोवाला आल्या आल्या किल्ली फिरवत नाही.
अर्धं मिनिट इंजिन तसंच गुरगुरत ठेवतो,
आतलं तापलेलं पातं निवेपर्यंत
तेल वाहतं राहावं म्हणून.

परवा रामबागेतले पोतनीस आले.
चंदेरी गाडी, अकरा वर्षांची,
सीटांवर क्रोशाची कव्हरं.
फाटकाशी थांबले, हँडब्रेक ओढला,
हात मांडीवर ठेवून बसून राहिले.
मी मनात मोजत होते.
अठ्ठावीस, एकोणतीस, आणि किल्ली फिरली.
मी फॉर्मवर टर्बो लिहून टाकलं. पेनाने.

बॉनेट उघडलं.
गोगलगाय नाही. नळी नाही.
जाळीमागे नुसती हवा
आणि कडुनिंबाची वाळकी काडी.

काका, ही साधी आहे.

ठाऊक आहे, म्हणाले. तिसऱ्याच वर्षी कळलं.
विकणाऱ्याने थाप मारली होती,
टर्बो आहे साहेब, अर्धं मिनिट थांबत जा.
पण तोवर हिला सवय लागली होती.
घर आलं तरी उतरायची नाही,
दिवसभरातलं राहिलेलं एक काहीतरी सांगायची.
गॅस संपत आलाय.
तुमच्या बहिणीशी मी बोलणार नाही म्हणजे नाही.
डॉक्टरांनी परत बोलावलंय.
मग मी किल्ली फिरवायचो.

मी खोडलं. बावीस हजार कमी लावले.
त्यांनी घासाघीस केली नाही,
नुसतं विचारलं, कव्हर काढून नेलं तर चालेल?
डाव्या सीटचं तेवढं काढलं,
नाड्या सोडवायला बराच वेळ लागला,
मग घडी घालून पिशवीत.

आमचा गोलू गाडी मागच्या रांगेत घेऊन गेला
आणि थांबता थांबताच, खटकन,
बंद.

पोतनिसांचा हात
थोडासा वर आला होता.
मी पावती लिहीत होते. तारीख चुकली.