अर्थिंगला पाणी

खसबच्या मागच्या डोंगरावर माती नाही.
बोटभरही नाही.
पहार मारली की ठिणगी उडते
आणि मनगटापासून खांद्यापर्यंत
डोंगर आपलं नाव सांगतो.

बॅटऱ्या चार, एकेक एकतीस किलोंची.
दोन गाढवांवर, मास्टच्या तुकड्यांसोबत.
एक माझ्या पाठीवर, एक दादकरीम बलोचच्या.
वाटेत तीनदा बसलो.
चौथ्यांदा बसलो ते मोजलं नाही.
सालिम अश्शिही पुढे, हातात लहानशी कुऱ्हाड,
गाढवांशी बोलायचा
आमच्याशी बोलायचा त्याहून जास्त.

पलीकडच्या वस्त्यांना टँकरनं पाणी जातं.
वळणापलीकडे गाडी गेली
की रेडिओवर नुसती खरखर.
मधे डोंगर. म्हणून डोंगरावरच हे यंत्र.

मास्ट उभा केला, चार ताण दिले.
पॅनलचं तोंड दक्षिणेला.
पेटीत रिपीटर, शेजारी तांब्याचे सहा डबे.
हे कशाला, सालिमनं विचारलं.
म्हटलं, हा एकाच वेळी ऐकतो आणि बोलतो,
ऐकतो एका लहरीवर, सांगतो दुसऱ्या.
डबे नसले तर स्वतःच्याच ओरडण्यानं
बहिरा होईल.
सालिम म्हणाला,
माझ्या थोरल्या भावासाठी दोन मिळतील?

सगळं झालं, अर्थिंग राहिलं.
मीटर म्हणाला एकशे चाळीस ओहम.
वर वीज पडली तर खाली जायला तिला वाट नाही,
ती पेटीतच बसेल.
मीठ घातलं. कोळसा घातला. एकशे दहा.
दादकरीमनं माझ्याकडे पाहिलं,
मी कॅनकडे.
वीस लिटर, प्यायचं.
तीन माणसं, दोन गाढवं, उद्या दुपारपर्यंत.

गुहागरला, मे महिन्यात,
बाबा बोर्डाच्या कामावर निघता निघता आईला सांगायचे,
अर्थिंगला पाणी घाल गं.
ती तांदूळ धुतलेलं पाणी न्यायची
मीटरमागच्या खड्ड्याकडे.
मी विचारलं होतं, इथं काय उगवणार?
बाबा म्हणाले,
काही उगवू नये, म्हणूनच घालायचं.

आठ लिटर ओतलं.
खडकानं आवाज केला, तापल्या तव्यासारखा.
सालिमनं तोंड फिरवलं.
त्याच्या आईनं पावसाचं साठवलेलं पाणी
वाटीनं मोजून मुलं वाढवलेली.
दगडाला पाजतोस, एवढंच म्हणाला,
आणि आपल्या वाट्याचं गाढवांसमोर ठेवलं.
मीटर: अठ्ठावीस.

सूर्य गेला तसा पॅनलचा काटा शून्यावर आला,
आता सगळं बॅटरीवर.
डोंगराच्या त्या अंगाला, टँकरमध्ये,
शकूर परकार, दाभोळचा.
पहिला कॉल इंग्रजीत करायचा असतो:
स्टेशन, क्रमांक, ओव्हर.
चढताना घोकत आलो होतो.
बटण दाबलं आणि निघालं,
शकूरभाय, आयकू येतंय का?

पेटीतून थोडी खरखर, मग टक् असा आवाज,
मग काहीच नाही.
दादकरीमनं बिडी पेटवायची थांबवली.

येतंय की! एकदम साफ!
वर पाणी हाय ना तुमच्याकडं?

आहे, म्हटलं. भरपूर.

ते भरपूर पेटीनं उचललं,
लहर बदलली,
त्यात आपलं काही घातलं नाही, काही गाळलं नाही,
आणि पंचवीस वॅटनी
चारी दिशांना सांगून टाकलं.

पहाटे जाग आली तेव्हा सालिम पॅनलपाशी उभा.
वजूला पाणी नसलं की धूळ चालते,
पण या डोंगरावर धूळ तरी कुठली.
रात्रीच्या वाऱ्यानं काचेवर जेवढी आणून टाकली तेवढीच.
त्यानं दोन्ही तळवे काचेवर टेकवले,
चेहऱ्यावरून फिरवले, मग हातांवरून,
आणि पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिला.

मी झोपेचं सोंग घेऊन पडून होतो.
काचेवर दोन हात उमटले होते, स्वच्छ.
ऊन प्रथम तिथं पोचलं.
काटा हलला.