बाकी वीस

मिलवॉकीत एप्रिल लागला तरी बर्फ हटून बसलेला
आणि ओझेलच्या सलूनमध्ये तिन्ही खुर्च्यांवर एकच विषय:
लाव्हेल प्रुइट,
वर्षाला चार कोटी दहा लाख डॉलर.

"पांढरा हत्ती पोसलाय," कॅझ म्हणतो, गालांवर फेस.
एकतीस वर्षं त्यानं बॉयलरचे व्हॉल्व्ह बसवले.
"एक दिवस खाडा झाला की आमचा पगार कापायचे.
हा बाकावर बसतो सूट घालून, च्युइंगम चघळतो,
आणि त्याचेही पैसे?"

थिओडोशिया टपाल वाटते. दुखरे पाय लांब करून
ती विचारते, "डिसेंबरातला सामना पाहिलास? शेवटचे चार सेकंद?
दोघं अंगावर आलेले, याचा तोल गेलेला,
आणि चेंडू सोडला कसा,
झोपलेल्या पोरावर कुणी पांघरूण घालावं तसा.
आमच्या मजल्यावरची सगळी दारं उघडली त्या रात्री.
दोन वर्षं राहतेय तिथं,
शेजाऱ्याचं नाव तेव्हा कळलं मला.
कर, त्याचा भाव कर."

"मालकाचे पैसे. तुझ्या का पोटात दुखतंय?"
"मालकाचे? बियर चौदा डॉलरला झालीय तिथं!"

मी कोपऱ्यात, लेकाचा कोट मांडीवर घेऊन.
ओझेलला ठाऊक आहे, मी इस्पितळात पगारपत्रकं करते.
"मॅडम, तुम्ही हिशेबातल्या. तुम्हीच सांगा."
कात्रीसुद्धा थांबते.

वीजबिलाच्या पाकिटावर मी मांडते.
सामने ब्याऐंशी. एकेकाला पाच लाख, निःशेष भाग.
पण हा खेळला सत्तेचाळीस.
मग मी पुटपुटू लागते, मराठीत;
आकडे मला दुसऱ्या भाषेत कधी जमलेच नाहीत.
सत्तेचाळीस आठे तीनशे शहात्तर,
चारशे दहातून गेले, उरले चौतीस,
वरचं शून्य खाली...
आठ लाख बहात्तर हजार तीनशे चाळीस.
बाकी वीस.

"वीस?" ओझेल आरशावरच्या पाटीकडे वस्तरा रोखतो.
केस कापण्याचे: वीस डॉलर.
असे हसलो सगळे
की कॅझच्या हनुवटीला वस्तरा लागला,
तुरटी शोधावी लागली.

हसू ओसरल्यावर थिओडोशिया म्हणाली,
"आणि न खेळलेले पस्तीस?"
त्यांना भाग जात नाही, मी म्हटलं.
एवढंच. गुडघ्याचं मी बोलले नाही,
कुणीच नाही बोललं.
कॅझ आपला उजवा खांदा चोळत होता, जो वर जात नाही,
ज्याचं कंपनीनं एक पैसा दिला नाही.
ओझेलनं न विचारता त्याला कोटाची बाही चढवली.
"तरी जास्तच आहेत," दारातून कॅझ म्हणाला.

दर दुसऱ्या शुक्रवारी मी नऊशे बारा माणसं अशीच भागते.
रात्रपाळीच्या नर्सला तासाचे किती,
फरशी पुसणाऱ्याला किती, स्वतःला किती.
दशांशाच्या पुढे दोन घरं.
त्यांच्यावरून कुठल्याच सलूनमध्ये भांडण होत नाही.

तेवढ्यात खुर्ची फिरली.
कौस्तुभच्या डोक्यामागे, कानाच्या जरा वर,
केसांत कोरलेला नऊ. लाव्हेलचा नऊ.
आकड्याचे सात डॉलर वेगळे.
मी दिले. वर टिप किती
ते मोजलं नाही, नोट दुमडून ठेवली नुसती.

बाहेर तळ्यावरून सुटलेला वारा सुईसारखा.
टोपी घाल म्हटलं,
तर म्हणतो, मग दिसणार कसा?
बसस्टॉपपर्यंत माझ्या पुढे पुढे चालत राहिला,
कान लालबुंद,
आणि नऊच्या पोटात
बर्फाचा एक कण, वितळायच्या बेतात.