लगाम

आज सूर्य आला.
अख्खी तबकडी समुद्रावर दिसली म्हणून
वार्डोच्या किल्ल्यावरून तोफ उडवली,
शाळेला सुट्टी दिली.
खुर्चीतला एस्किल तोफेला दचकला नाही.
दिवा खाली ओढायला मी हात वर नेला,
तेव्हा दचकला.

सहा वर्षांचा. दुधाचे दात अजून सगळे जागेवर.
बाप दाराशी उभा, लोकरी टोपी पिळत.
"परवा घसरगाडीवरून पडला. तोंडावर."
परवा.
म्हणजे दोन रात्री हा आपलंच रक्त गिळत झोपला.

मी म्हटलं, आ कर बघू, वाघासारखा नको,
कॉड माशासारखा.
हसला नाही. तोंड मात्र उघडलं.

पुढचा एक दात करडा. हे जुनं.
दात आतून मरतो तेव्हा आरडाओरडा करत नाही,
काही महिन्यांनी रंग बदलतो, एवढंच.
मग अंगठ्याने वरचा ओठ हलकेच उचलला.
ओठ आणि हिरडी यांच्यामधली ती बारीक दोरी,
लॅटिनमध्ये तिचं नाव छोटा लगाम,
तुटलेली. कडा सुजून पिवळट.

आता सावकाश, टोरुन.
तोंडावर पडलेल्या मुलाचं नाक खरचटतं, हनुवटी, तळहात.
गोठलेला बर्फ निवडून लागत नाही.
याची हनुवटी धुतलेल्या बटाट्यासारखी साफ,
आणि कानामागे, जिथे घसरगाडी पोचत नाही,
दोन निळे डाग,
दोन बोटांमध्ये असतं तेवढ्या अंतरावर.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, असं म्हणतात.
बुक्क्यांची वळं स्वेटरखाली जातात.
तोंड दाबल्याची खूण ओठाच्या आत राहते,
आणि तिथे माझ्याशिवाय कोण डोकावणार?

एकट्या लगामावरून काही सिद्ध होत नाही.
नुकतं चालायला लागलेलं पोर टेबलाच्या कडेवर आपटलं
तरी तुटतो. मला माहीत आहे.
मला हेही माहीत आहे की सत्तावीस वर्षांपूर्वी
बोर्गनीच्या टाळूवर चमच्याच्या आकाराचा चट्टा होता
आणि मी नोंदीत लिहिलं, गरम सूप, बहुधा.
ते 'बहुधा' अजून माझ्या दाढेत अडकलंय.
मागच्या वादळात याच बापाने, ओड्-गाइरने,
माझं दार बर्फातून उकरून काढलं.
पैसे घेतले नाहीत.
त्याच्या आईची कवळी मी बसवली आहे.
बघा, दातखीळ अशी बसते.

"ओड्-गाइर, बाहेर गुन्वोरकडे तेवढा फॉर्म भर."
तो गेला.
मी एस्किलला काहीच विचारलं नाही,
फक्त छोटा आरसा हातात दिला.
त्याने तो माझ्याच तोंडात घातला.
खूप वेळ पाहिलं, अगदी डॉक्टरसारखं.
"तुझा पण एक दात काळा आहे."
हो, म्हटलं, लहानपणी सायकलवरून पडले होते.
"खरंच?"

खरंच, एस्किल.
पण हा प्रश्न
सहा वर्षांच्या तोंडात येतो कुठून?

मग जॅकेट घालायची वेळ झाली.
बापाने गुडघ्यावर बसून चेन वर ओढली
आणि गळ्याची कातडी चिमटू नये म्हणून
मध्ये स्वतःचं बोट धरलं.
तेही मी लिहिलं.

लिहिलं: वरचा लगाम, पूर्ण तुटलेला, दोन ते तीन दिवसांचा.
डाग, प्रत्येकी अकरा मिलिमीटर, डाव्या कानामागे.
बापाचं वाक्य अवतरणात, शब्द न शब्द.
हात वर जाताच मूल दचकलं.
सवयीने पेन एका शब्दाकडे वळलं,
तो मी लिहिला नाही.

बाहेर तासाभरात पुन्हा अंधारून आलं होतं.
बालसंरक्षण कार्यालयात फोन वाजत राहिला.
उचलला तिच्या तोंडात सूर्यदिनाचा गोड पाव होता.
"सॉरी हं, एक मिनिट," ती घास घोळवत म्हणाली.
सावकाश खा, असं मी म्हटलं नाही.